बडोद्यात भाड्याच्या घरात राहून टियागो ईव्ही: दीड वर्ष, २२ हजार किलोमीटर

मी मूळची कोल्हापूरची, नोकरीसाठी बडोद्याला आले त्याला आता साडेतीन वर्षं झाली. कारेलीबागेत भाड्याने राहते आणि कंपनी सावली गावाच्या बाजूला जीआयडीसीत (इथली एमआयडीसी), म्हणजे रोजचे जाऊन-येऊन ४५-५० किलोमीटर. आधी कंपनीची बस होती ती शिफ्ट बदलल्यावर बंद झाली, मग काही महिने कलीगच्या गाडीत कॉन्ट्रिब्यूशन देऊन, मग शेवटी एप्रिल २०२४ मध्ये टाटा टियागो ईव्ही घेतली, म्हणजे विजेवर चालणारी, मोठ्या बॅटरीची, २४ किलोवॅट-अवरवाली (२४ युनिट वीज मावणारी). त्याच वर्षी फेब्रुवारीत किंमती उतरल्या होत्या, सुरुवातीचं मॉडेल ७.९९ लाखांवर आलं होतं आणि मोठी बॅटरी ८.९९ पासून, तेव्हा म्हटलं आता नाही तर कधी. परगावी राहणारे बरेच जण मला विचारतात की घ्यावी का, त्यांच्यासाठी लिहितेय, जरा लांबेल.

पहिलं सांगायचं ते हे की मी शोरूममध्ये चार वेळा गेले, व्हिडिओ बघून बघून डोळे गेले, कुठला रंग कुठलं मॉडेल यावर घरात वाद झाले, आणि यातलं काहीही महत्त्वाचं नव्हतं. महत्त्वाचं होतं पार्किंगमधलं एक सॉकेट. स्वतःचं घर असेल तर हा प्रश्न एका दुपारचा आहे. भाड्याचं असेल तर गाडीच्या आधी प्लग बघा. मी उलटं केलं. बुकिंग आधी, प्लग नंतर, आणि दोन महिने डोक्याला ताप करून घेतला.

झालं असं की सेल्समन म्हणाला मॅडम मोबाईलसारखं आहे, १५ अँपिअरच्या सॉकेटला लावायचं आणि झोपायचं. हे खरं आहे, पण अर्धं. सॉकेट कोणाचं? आमचे घरमालक काका जुने बडोद्याचे, दांडिया बाजारातलं वडिलोपार्जित घर आहे, कारेलीबागेतला फ्लॅट भाड्याला दिलेला. त्यांचं मराठी ऐकायला फार गोड, मधेच गुजराती घुसतं आणि त्यांना कळतही नाही. त्यांना फोन केला तर म्हणाले, "अहो ताई, गाडी घ्या ना, सरस गाडी आहे, पण मीटर माझ्या नावावर आहे, तुम्ही उद्या गेलात की वाढलेला लोड कोणाच्या गळ्यात?" मुद्दा बरोबर होता. फ्लॅटचा मंजूर लोड, म्हणजे एका वेळी खेचता येणारी वीज, ३ किलोवॅट, एसी गीझर चालू असताना खाली गाडी तेवढंच खेचणार, म्हणजे लोड वाढवायलाच हवा आणि अर्जावर सही मालकाची. मी फिक्स चार्जचा हिशेब काढून दाखवला, महिन्याला काही दहा-वीस रुपयांचा फरक, तो मीच भरणार, वायर-मीटर-सॉकेट सगळा खर्च माझा, आणि सोडून जाताना सॉकेट इथेच राहील. शेवटच्या वाक्यावर काका तयार झाले. कोकम सरबत पण पाजलं.

मग सोसायटी. चेअरमन साहेबांचा एकच प्रश्न, "आग लागशे तो कोण जवाबदार?" त्यांची भीती खोटी नाही, स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. मी सांगितलं की यातली बॅटरी एलएफपी प्रकारची आहे, लोह आणि फॉस्फेटवाली, ती दुसऱ्या प्रकारांपेक्षा जास्त उष्णता सोसते आणि सहजासहजी भडकत नाही, पण केमिस्ट्री सांगून मीटिंगमध्ये कोणी ऐकत नाही. काम झालं ते एका कागदाने. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की गाडीमालक घरी किंवा ऑफिसात असलेल्याच वीज कनेक्शनवरून गाडी चार्ज करू शकतो. ते पान प्रिंट काढून, पिवळ्या हायलायटरने रंगवून दिलं. तीन आठवड्यांनी एनओसी मिळाली, त्यात अट की वायर पाईपातूनच न्यायची आणि शेजारच्या पार्किंगवाल्याला त्रास नको.

आता वायरिंगचा किस्सा, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात असं मला वाटतं. मीटर रूम तळमजल्यावर, तिथून माझं पार्किंग तीसेक मीटर. गाडी आली, उत्साहात वॉचमनच्या खोलीतल्या सॉकेटला चार्जर लावून बघितला तर लाल दिवा. काढला, परत लावला, लाल. गाडी खराब दिली म्हणून मी शोरूमला फोन करून भांडायच्या बेतात होते. दुसऱ्या दिवशी वायरमन भाई आले, त्यांच्याकडे एक साधा बल्ब, होल्डरला दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, बल्ब झगझगीत. फेज आणि अर्थमध्ये धरला, नुसती लालसर तार दिसली. "बेन, अर्थिंग ज नथी." बिल्डिंग बांधली तेव्हा खड्डा केला असेल, त्यानंतर कोणी त्यात तांब्याभर पाणीसुद्धा घातलं नव्हतं. फ्रीज, मिक्सर, गीझर सगळं इतकी वर्षं तसंच चाललं, कोणाला कळलं नाही, आणि गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग नसेल तर हात लावू देत नाही. म्हणजे गाडीने बिल्डिंगचा दोष पकडला. मग कंपाऊंडच्या कोपऱ्यात नवा खड्डा, रॉड, मीठ आणि कोळसा, वरून पाणी, आणि तिथून जाड हिरवी वायर. परत बल्ब लावला तर लख्ख. वॉचमन काकांनी टाळी वाजवली, खरंच.

४ स्क्वेअर एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), शॉक लागू नये म्हणून आरसीसीबी, सबमीटर, कुलूप लागणारा डबा आणि अर्थिंग मिळून १४ हजारांच्या आसपास गेले. सॉकेटमध्ये काटकसर करू नका, साधं स्वस्त सॉकेट रात्रभर लोड सोसत नाही, प्लग गरम होऊन प्लास्टिक पिवळं पडतं. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको. मजल्यावरून खिडकीतून वायर सोडणारे महाभाग मी पाहिलेत, हात जोडते.

बरं, गाडी.

रोजच्या वापराला मस्त आहे. पिकअप चांगला, आवाज नाही, क्लच-गिअर नाही त्यामुळे संध्याकाळी अमितनगर सर्कलच्या गर्दीत पाय दुखत नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी स्वतः हळू होते आणि थोडा चार्ज परत बॅटरीत टाकते, त्याची लेव्हल कमी-जास्त करता येते, मी शहरात जास्तवर ठेवते आणि हायवेला कमी. पहिले चार दिवस नवऱ्याला मळमळलं, मग सवय झाली. बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. गाडी बनते साणंदला, जो कारखाना मुळात नॅनोसाठी उभारला होता, म्हणजे एका अर्थाने इथलीच लेक.

रेंजबद्दल, म्हणजे एका चार्जमध्ये किती जाते, सगळे विचारतात. कागदावर ३१५ किलोमीटर, तो आकडा चाचणीतला, ठरलेल्या स्पीडने आणि ठरलेल्या पद्धतीने काढलेला, त्यावर संसार मांडायचा नाही. मला एसी लावून शहर आणि सावली रोड मिळून २०० पडते. मे महिन्यात ४३ डिग्रीत एसी फुल असताना १८०, आणि डिसेंबर-जानेवारीत खिडक्या उघड्या ठेवून २१५ पर्यंत पण गेली आहे. थंड देशांतले लोक हिवाळ्यात रेंज कमी होते म्हणून रडतात, आपल्याकडे उलटं, हिवाळा म्हणजे चांदी. मला दोन दिवसाआड चार्ज करावं लागतं. रात्री दहाला लावली की सकाळी सातला फुल, रिकाम्यापासून भरायला ९ तास धरा.

पैशाचं बोलू. सबमीटरवर महिन्याला १५०-१६० युनिट येतात, माझं घरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये गेल्यामुळे इंधन आकार आणि ड्युटी धरून युनिटला मला साडेआठ-पावणेनऊ रुपये पडतात, म्हणजे चौदाशेच्या आत महिना निघतो, १२०० किलोमीटरला. किलोमीटरला सव्वा रुपयापेक्षा कमीच. पेट्रोल इथे ९४ च्या घरात, १५ चं अ‍ॅव्हरेज धरलं तरी साडेसात हजार झाले असते. सीएनजी हा खरा स्पर्धक आहे, गुजरातमध्ये पंप भरपूर आणि किलोमीटरला तीन-सव्वातीन रुपये, पण संध्याकाळच्या लाईनी आणि डिकीत टाकी. शिवाय एक गोष्ट बदलली आहे ती लक्षात घ्या, सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवरचा आधीपासून ५ होता तो ५ च राहिला, त्यामुळे दोघींच्या किंमतीतलं अंतर माझ्या वेळेला होतं तसं नाही. महिन्याला ५००-६०० किलोमीटरच फिरणाऱ्याने सरळ पेट्रोल घ्यावी. मी ईव्हीवाली असून सांगते.

सबसिडीच्या भरवशावर पण राहू नका. गुजरातच्या २०२१ च्या धोरणात किलोवॅट-अवरमागे १० हजार आणि चारचाकीला जास्तीत जास्त दीड लाख होते, पण ते जुलै २०२१ पासून चारच वर्षांसाठी. इंटरनेटवर जुने लेख अजून फिरतायत. मी तर हिशेबात धरलेच नव्हते, माझे बाबा म्हणतात सरकारचा पैसा खात्यात पडेपर्यंत सरकारचाच.

आपण बाहेरचे म्हणून येणारी भानगड म्हणजे पासिंग. माझं आधार कोल्हापूरचं. जीजे ०६ नंबर हवा तर इथला पत्ता हवा, मग भाडेकरार दाखवून आधारवरचा पत्ता बदलला, त्यात पंधरा दिवस. एमएच नंबरची गाडी आणायचा विचार केला होता पण वर्षापेक्षा जास्त इथे ठेवायची तर एनओसी आणून इथे परत रजिस्टर करावी लागते, इथला टॅक्स आधी भरायचा आणि तिकडचा परत मागत बसायचं. दुसरा रस्ता म्हणजे बीएच सिरीज, राज्य बदललं तरी चालणारा नंबर, २०२१ पासून आहे, ज्यांच्या कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत आहेत त्या प्रायव्हेटवाल्यांना पण मिळते, कंपनीचं सर्टिफिकेट लागतं, टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि इलेक्ट्रिकला त्यात २ टक्के कमी. सारखी बदली होणाऱ्यांनी तेच घ्यावं. माझ्या कंपनीची ऑफिसं दोनच राज्यांत, विषय संपला. हिरवी पाटी, पांढरे आकडे, जीजे ०६.

आईचं म्हणणं अजूनही हेच की पोरगी आता गुजरातची झाली.

एमजी कॉमेट ही छोटी इलेक्ट्रिक गाडी पण बघितली होती, ती तर आमच्या जवळ हालोललाच बनते. १७.३ ची बॅटरी, लांबी तीन मीटरपेक्षा कमी, मांडवी-रावपुऱ्याच्या गल्ल्यांत तिच्यासारखी दुसरी नाही, कुठेही वळते कुठेही मावते. पण दोनच दारं, सासूबाईंचे गुडघे बघता मागच्या सीटवर त्यांना बसवायचं म्हणजे कसरत, आणि सावली रोडला डंपरच्या शेजारून जाताना मला तिच्यात धीर झाला नसता. ऑफिसमधल्या एकाने नंतर ती बॅटरी भाड्याने घ्यायच्या स्कीमवर घेतली, सप्टेंबर २०२४ ला आली तेव्हा गाडी ४.९९ लाखांपासून आणि किलोमीटरला अडीच रुपये बॅटरीचे. त्याचं येणं-जाणं कमी म्हणून त्याला परवडते. माझ्या १२०० किलोमीटरला नुसतं बॅटरीचं भाडंच तीन हजार झालं असतं, वर वीज वेगळी.

आता बाहेरगाव, इथे मात्र या गाडीची मजा संपते. स्टॅच्यू ऑफ युनिटी ९० किलोमीटर, जाऊन-येऊन १८०, पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पूर्ण वेळ टक्क्यांकडे बघत होते, पुतळा नवऱ्याने बघितला. घरी पोचलो तेव्हा थोडाच चार्ज उरला होता. पावागढ तर काहीच नाही. पण सुरत १५० किलोमीटर आणि हायवेला ९०-१०० ने चालवली की रेंज १६० वर येते, म्हणजे मधे थांबणं आलंच. मोठ्या चार्जरवर १० ते ८० टक्के तासाभरात होतात, चार्जर चालू असेल तर. भरूचच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात थांबलो, अ‍ॅपमध्ये हिरवं, 'उपलब्ध' लिहिलेलं, प्रत्यक्षात मशीनचा स्क्रीन काळा. कस्टमर केअरला फोन केला तर आधी माझीच गाडी कुठली, मग वॉलेटमध्ये कमीत कमी ३०० टाका, टाकले, मग ओटीपी आला नाही, मग हॉटेलचा पोऱ्या येऊन शांतपणे म्हणाला, "ए तो बे दिवस थी बंध छे." पुढे अंकलेश्वरला दुसरा मिळाला, त्याचं अ‍ॅप वेगळं, त्याचं वॉलेट वेगळं. आज माझ्या फोनमध्ये सहा चार्जिंगची अ‍ॅप आहेत आणि त्यांत मिळून हजारभर रुपये अडकलेत, कुठलेच परत येत नाहीत. बाहेरचं चार्जिंग युनिटला वीस-बावीस पडतं ते वेगळंच, म्हणजे घरच्यापेक्षा अडीचपट.

कोल्हापूरला गाडीने जायचा विषयच नाही. आठवड्यातून एकदा अहमदाबाद-कोल्हापूर गाडी आहे ना, ती जमली तर ती, नाहीतर पुणे करून. ज्यांना दर महिन्याला गावी गाडीच घेऊन जायची आहे त्यांनी या बॅटरीच्या गाडीकडे बघू पण नये.

डिकी २४० लिटर, दोन मध्यम बॅगा आणि एक कांद्याची पिशवी. स्टेपनी नाही, पंक्चरचं किट येतं. मंजूसरजवळ खिळा घुसला तेव्हा किटातला पंप काढला, हवा भरली, हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत गेले, दीडशे रुपयांत काम झालं. टायरची कड फाटली असती तर मात्र टोइंगच.

ऑगस्ट २०२४ चा पूर आठवत असेलच. विश्वामित्री नदी चढायला लागली त्या संध्याकाळी वॉचमन काका धावत आले, पार्किंगमध्ये पाणी येणार म्हणे. बॅटरी पाणी-धुळीपासून बंदिस्त आहे, आयपी६७, पण म्हणून पुराच्या गटारी पाण्यात दोन दिवस उभी करून बघायची माझी छाती नाही, आणि इथल्या पुरात मगरी पण येतात हे बाहेरच्यांना खोटं वाटतं. नेऊन फ्लायओव्हरवर लावली, तिथे आधीच ही लांब रांग. त्या दिवशी गाडीत चार्ज होता ३४ टक्के. मग दोन दिवस लाईट नाही. ऑफिस पण बंद होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून पावसाळ्यात रोज रात्री लावते, नियमच केलाय. घरमालक काकांनी दांडिया बाजारातून फोन करून पहिलं विचारलं, ताई तुम्ही बऱ्या आहात ना, दुसरं विचारलं, सॉकेट किती उंचीवर आहे. चार फुटांवर आहे हो काका, पाणी घोट्यापर्यंतच आलं.

नवरात्रात वेगळीच गंमत. नऊ रात्री गरब्याला जायचं, रात्री दीडला यायचं, सकाळी सहाला निघायचं, चार्जिंगला वेळच नाही. पण गरब्याच्या मैदानाबाहेर तासभर मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या त्या गर्दीत ही गाडी काही खातच नाही, एसी चालू ठेवून ३-४ टक्के गेले फार तर, शेजारच्या पेट्रोलवाल्याचं तोंड बघवत नव्हतं.

सर्व्हिसिंगचा खर्च आतापर्यंत नगण्य, ऑईल नाही फिल्टर नाही, एसीचा फिल्टर, टायर रोटेशन आणि धुणं. एकदा सॉफ्टवेअर अपडेटला गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि परत देताना १२ टक्के चार्ज, म्हटलं भाऊ निदान घरी पोचण्याइतका तरी. त्यांनी लावली तासभर, चहा पण दिला.

परवा भाडेकराराचं नूतनीकरण झालं. काका चष्मा लावून नवा मसुदा वाचत होते, त्यात फर्निचरच्या यादीत पंखे, गीझर, मॉड्युलर किचनच्या खाली एक ओळ वाढली होती, 'ईव्ही चार्जिंग पॉईंट, अर्थिंगसह, नंग १'. आणि भाडं ५०० ने वाढलेलं. मी म्हटलं काका, पॉईंट मीच बसवलाय ना? तर म्हणाले, "हो तर! म्हणून तर पाचशेच वाढवले, दुसऱ्याला हजार सांगितले असते."